करगोट्याखालची दोन बोटं

आमच्या घरात दोन गोष्टींचा कधी तुटवडा नव्हता, मीठ आणि पापड. मीठ आईच्या माहेरून यायचं. खाडीकडच्या गावात तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या आजाचा, सगळा जन्म मिठागरात गेला होता आणि लेकीच्या घरात दुकानातलं मीठ येणं त्याला कमीपणाचं वाटायचं. उन्हाळा लागला की तो एसटीतून गोणी घेऊन यायचा. पेणच्या स्टँडवरून आमच्या रामवाडीपर्यंत ती खांद्यावर आणायचा आणि पडवीत टेकवली की पाणीसुद्धा न पिता आधी गोणीचं तोंड सोडून आईच्या हातावर चार खडे ठेवायचा. आई एक खडा जिभेवर ठेवून मान हलवायची. मग पाणी, मग चहा, मग ख्यालीखुशाली. पापडाचं निराळं होतं. ते आमच्या घरात व्हायचे, पण आमचे नसायचे. आळीतल्या बहुतेक बायकांसारखी आई पोह्याचे पापड लाटायची आणि वाळले की ते व्यापाऱ्याकडे जायचे. बाबा गणपतीच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या अंगाला शाडूचा वास आणि आईच्या हातांना हिंगाचा. सगळ्यांच्या आईबापांना असेच वास येत असणार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा सासरच्या घराला कसलाच वास नाही म्हणून पहिले काही दिवस मला झोप लागेना.

आमची सकाळ मुसळाच्या आवाजाने सुरू व्हायची. आदल्या दिवशी मीठ आणि पापडखार घालून उकळलेल्या पाण्यात पोह्यांचं पीठ भिजवायचं, तेलाचा हात लावून ते उखळात कुटायचं, ते मऊ झालं की त्याच्या लांब वळ्या करायच्या आणि दोरा दाताने ताणून धरून त्या वळ्यांच्या लाट्या कापायच्या. सुपारीएवढी एक लाटी, एकीचा एक पापड. या लाट्या कच्च्या खायला फार छान लागतात. तेलात बुडवलेली लाटी तोंडात टाकली की आधी हिंग, मग मिरची, मग तो खार जिभेला असा काही लागतो की हात आपोआप दुसरीकडे जातो. पापड लाटणाऱ्या घरातलं पोर लाट्यांवरच वाढतं. त्याला कोणी खाणं म्हणत नाही. पोर आसपास घुटमळलं की लाटणारी बाई वर न बघताच त्याच्या तळहातावर एक ठेवते, एवढंच.

माझा धाकटा भाऊ दिनेश, आमचा दिन्या, शाळेत जायला लागला त्या वर्षी एकाएकी बाळसेदार दिसायला लागला. मुळात तो किरकोळ. त्यामुळे गालांवर मांस चढलेलं पाहून सगळ्यांना आनंद झाला. यंदा पोरानं अंग धरलं, असं जो तो म्हणायचा, आणि आई लगेच आत जाऊन मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची. सकाळी डोळे जास्त सुजलेले असायचे, ते आम्ही झोपेवर ढकललं. एक दिवस आंघोळ घालताना आईला दिसलं की त्याच्या कमरेचा काळा करगोटा कातडीत रुतलाय. महिनाभरापूर्वीच तो सैल करून बांधला होता. पेणच्या डॉक्टरांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला. हे मांस नव्हे, पाणी आहे, मूत्रपिंडाचं दुखणं आहे, आजच मुंबईला न्या, असं ते म्हणाले. ज्या गालांचे आम्ही पापे घेत होतो ते आजाराचे होते, ही गोष्ट आईने स्वतःला कधी माफ केली नाही. आम्हीही तिच्याबरोबर त्या गालांचं कौतुक केलं होतं, पण आईच्या लेखी ते मोजण्यात नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आई त्याच्यापाशी राहिली. बाबा जाऊन-येऊन. मला शेजारच्या गोदाकाकूंनी आपल्या घरी नेलं. गोदाकाकू म्हणजे आमच्या आळीची न निवडलेली सरपंच. आवाज असा की रामवाडीत हाक मारली तर हायवेवरचा माणूस वळून बघेल. नवरा लवकर गेला, मुलगा परगावी, आणि त्यामुळे सगळी आळीच त्यांना आपली वाटायची, आळीची इच्छा असो वा नसो. मला त्यांनी त्या दिवसांत असं जेवायला घातलं की मीच सुजेन की काय अशी भीती वाटावी. रात्री झोपताना त्या देवाशी भांडायच्या. प्रार्थना वगैरे नाही, चक्क भांडण. मला त्याचा फार धीर वाटायचा.

दिन्या घरी आला तो दिवस मला सणासारखा आठवतो. बाबांच्या खांद्यावर बसून तो आळीत शिरला, सूज उतरून पुन्हा किरकोळ झालेला, कान तेवढे मोठे दिसत होते. गोदाकाकूंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, कोणी नारळ आणला, कोणी केळी आणली. संपलं एकदाचं, असा सगळ्यांचा सूर होता. मीही तेच समजत होते. मग मी आईकडे पाहिलं. तिच्या हातात गोळ्यांची पिशवी होती आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. संपलेल्या कामाचा सुस्कारा तिच्या तोंडावर कुठेच नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी तिला बजावून पाठवलं होतं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. मीठ बंद. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. सूज परत दिसली तर ताबडतोब यायचं, कारण पुन्हा पुन्हा असं झालं तर ती मूत्रपिंडं किती साथ देतील ते सांगता येत नाही.

इथे थोडं थांबून आजचं सांगते. मी आता वरसे गावात राहते, रोह्याला लागूनच. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं आहे, तो कंपनीत कामाला, ती घरी. गेल्या महिन्यात त्यांची छोटी मुलगी मुंबईहून इस्पितळातून घरी आली. खाली गाडी थांबली तेव्हा सगळी इमारत जमली, फुगे लावले, केक कापला. आठवडाभराने त्या दाराकडे कोणी फिरकेना. लोक वाईट नसतात. त्यांना वाटतं, घरी सोडलं म्हणजे बरं झालं. इस्पितळात बेल दाबली की कोणीतरी येतं. घरी आल्यावर दाराला बेल असते ती बाहेरच्यांनी वाजवायची. जिन्यात तिच्या आईचा चेहरा दिसला की मला माझी आई चौकटीला धरून उभी दिसते.

तर इस्पितळात रोज सकाळी दिन्याचं वजन करायचे. आमच्याकडे वजनकाटा कुठला. आईने स्वतःच एक तोड काढली. रोज तो उठला की त्याच्या करगोट्याखाली ती दोन बोटं सरकवायची. बोटं सहज गेली तर दिवस चांगला. जरा अडली तर त्या दिवशी तिच्या हातून काही ना काही सांडायचं. माझ्या लहानपणीची आईची सगळ्यांत स्पष्ट आठवण कुठली असं कोणी विचारलं तर मी हीच सांगेन, सकाळच्या उजेडात वाकलेली, श्वास धरून, त्या काळ्या दोऱ्याखाली बोटं घालणारी.

मिठाच्या बाबतीत तर ती हट्टालाच पेटली. मिठाची बरणी उंच फळीवर गेली, फडक्यात बांधून. दिन्याची भांडी वेगळी, वाढायचा डाव वेगळा. त्याला मीठ दिसू नये, म्हणून आम्ही तिघं मागच्या पडवीत चोरासारखे जेवायचो आणि तो पुढे खाटेवर एकटा. त्या उन्हाळ्यात आजा नेहमीसारखा गोणी घेऊन आला, तर आईने त्याला अंगणातच थांबवलं. म्हणाली, बा, यंदा मीठ आत नको. आजा गोणी खांद्यावर घेऊनच थोडा वेळ उभा राहिला. जन्मभर ज्या मिठावर त्याचं घर चाललं त्यालाच लेकीच्या दारात मज्जाव झाला होता.  मग तो वळला आणि गोणी गोदाकाकूंच्या पडवीत ठेवून आला. काकूंनी ती आपल्या कोठीत नीट ठेवली आणि म्हणाल्या की ही वत्सलाची, म्हणजे आईची, ठेव आहे, तिला लागेल तेव्हा घेऊन जाईल.

व्यापाऱ्याचं मोठं काम आलं की बायका मिळून एकीच्या पडवीत लाटायच्या, पण आजारी पोराला सोडून आईला आता जाता येईना. तेव्हा गोदाकाकूंनीच ठरवलं की लाटणं वत्सलाच्या पडवीत आणायचं. वत्सला कामाला येत नाही तर काम तिच्याकडे जाईल, एवढा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी पाच-सहा बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन हजर. आई पहाटे पीठ भिजवायची, काकू कुटायच्या, आणि मग दुपारपर्यंत त्या लाटण्यांची खटखट, बांगड्या, एकमेकींच्या सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या. दिन्याची खाट त्यांच्या मधोमध. औषधाच्या गोळ्यांनी त्याला भयंकर भूक लागायची, आणि समोर काय, तर अळणी भात आणि अळणी वरण. तो बायकांना गाणी म्हणून दाखवायचा, त्यांच्या नकला करायचा. आईच्या तोंडावर हसू दिसायला लागलं. कुणाच्या मदतीने घर असं भरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग एका सकाळी आईची बोटं करगोट्याखाली गेली नाहीत.

पुढचे दिवस वाईट होते. आईने सगळं पुन्हा तपासलं. भांडी राखेने घासली. मला समोर उभं करून विचारलं, बाबांना विचारलं, फळीवरच्या बरणीची गाठ कोणी सोडली का ते पाहिलं. पेणच्या डॉक्टरांनी दिन्या दिवसभरात काय खातो ते विचारलं आणि तिने घडाघडा सांगितलं. त्यात मिठाचा कण नव्हता. पापड दिला का, असंही त्यांनी विचारलं. नाही, एकदाही नाही, आई शपथेवर म्हणाली, आणि ते खरंच होतं. भाजलेला किंवा तळलेला पापड दिन्याच्या ताटात कधी गेला नव्हता. डॉक्टर विचारात पडले. सूज अशीच वाढली तर मुंबईला पाठवावं लागेल, म्हणाले. घरी येताना रिक्षात आई सारखी दिन्याच्या पायावरून हात फिरवत होती.

त्याच दुपारी त्याची उशी झटकताना तिला खोळीवर तेलाचा डाग दिसला. आणि खोळीच्या आत, वाळत चाललेली, दातांची खूण असलेली अर्धी लाटी. आईने ती उचलली, जिभेला लावली. मिठागरवाल्याची मुलगी ती, तिच्या जिभेला आणखी काही सांगायला नको होतं.  समोर परातीत तिने स्वतःच्या हातांनी भिजवलेलं पीठ होतं, मीठ आणि खार घालून उकळलेल्या पाण्यात. स्वयंपाकघरातलं मीठ तिने फडक्यात बांधून फळीवर ठेवलं होतं आणि पडवीत त्याची परात भरून मांडली होती, रोज. आमच्यापैकी कोणालाच ते दिसलं नव्हतं, कारण पापड म्हणजे वाळवून भाजून ताटात येतो तो. लाटी काही पापड नव्हे. लाटी हे काम होतं, आणि कामात कसलं आलंय पथ्य.

तिने बायकांना विचारलं. प्रत्येकीने खाली मान घातली. प्रत्येकीने रोज एकच दिली होती. पोराच्या तोंडाला चव नाही, बघवत नाही, म्हणून फक्त एक, बाकीच्यांच्या नकळत. पोरगं शहाणं, त्याने कोणाचं नाव कोणाला सांगितलं नव्हतं. गोदाकाकू म्हणाल्या की मी दोन दिल्या. मला वाटतं त्यांनी तेवढ्या दिल्याही नसतील, पण इतरांवरचं ओझं आपल्यावर घ्यायची त्यांना खोड होती. आईचा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं. ती म्हणाली, "गोदाकाकू, तुमच्या मायेनं माझं पोर मेलं असतं. उद्यापासून कोणी येऊ नका."

 पोळपाट गोळा झाले, परात गेली, उखळाजवळचं मुसळ काकूंनी भिंतीला टेकवून नीट उभं केलं आणि मागे न बघता त्या पायऱ्या उतरल्या. आई कोणावर चिडली होती ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. ते पीठ तिने भिजवलं होतं. ती स्वतःला घराबाहेर काढू शकत नव्हती, म्हणून तिने त्यांना काढलं.

घर शांत झालं. इतकं की हायवेवरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या. बाबांच्या कारखान्यात कामाची घाई, ते उजाडताच जायचे. आई एकटी. पापड बंद, बोलणं बंद. नळावर बायका तिला वाट करून द्यायच्या, पण नजर द्यायला लाजायच्या, आणि तिला वाटायचं त्या रागावल्यात. सूज मात्र उतरू लागली. एक बोट गेलं, मग दोन गेली, आणि आईने देवापुढे दिवा लावला. पण नंतर तीन जायला लागली. मग अख्खा पंजा. गोळ्या कमी केल्या तशी दिन्याची ती राक्षसी भूक ओसरली होती आणि अळणी भाताचे दोन घास झाले की तो तोंड फिरवायचा. रागवून, गोष्टी सांगून, काही उपयोग नाही. सैल करगोट्याचा आनंद धरावा की भीती, हे आईला कळेना. डॉक्टर म्हणाले, सूज गेली हे उत्तम, पण पोटात काही गेलं नाही तर या अंगात औषध काय करणार. असंच राहिलं तर पुन्हा इस्पितळात ठेवावं लागेल.

बाबांनी त्याला करमणुकीला कारखान्यातून शाडूचा गोळा आणून दिला होता. त्यांना वाटलं, पोर गणपती करेल, उंदीर करेल. एका दुपारी मी शाळेतून आले तर आई पडवीच्या दारात थबकलेली. खाटेच्या कडेला दिन्याने शाडूच्या लाट्या करून मांडल्या होत्या. दोऱ्याने कापलेल्या, सगळ्या एकसारख्या, ओळीने, आणि प्रत्येक ओळीमागे एक छोटा पाट, म्हणजे आगपेटीचं झाकण. ही गोदाकाकू, ही तुळसाकाकू, असं तो एकटाच बोलत होता. आई आत गेली आणि चुलीपाशी बसून रडली. मीही रडले. मला त्या बायकांची आठवण येत होती आणि ते आईला सांगायची हिंमत नव्हती.

हे गोदाकाकूंना कोणी सांगितलं मला माहीत नाही. भिंतीला भिंत लागून असल्यावर सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या आमच्या अंगणात आल्या. हातात झाकलेलं ताट. पडवीची पायरी चढल्या नाहीत, तिच्यावर बसल्या. आई बाहेर आली. पहिल्यांदाच मी गोदाकाकूंचा आवाज इतका बारीक ऐकला.

"आत येत नाय गो, वत्सला. हितंच बसते. मीठ नाय ह्याच्यात. चाखून बघ."

ताटात तांदळाची भाकरी होती आणि वालाची उसळ.  आई खाली वाकली, बोटाच्या टोकाने उसळीचा रस घेतला आणि जिभेला लावला, आजाच्या मिठाचा खडा लावायची तसा. आणि तशीच मान हलवली. काकू जेवायला लागल्या. दिन्या खाटेवरून टक लावून बघत होता.

"काकू, तुला पण डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाय रे. मला कुठला डॉक्टर बघतोय."

"मग अळणी का खातेस? घाण लागतं ना?"

"लागतं की. एकट्यानं खाल्लं की लईच लागतं. म्हणून हितं आले."

दिन्याने थोडा विचार केला. मग आपलं ताट मागितलं. तो पायरीवर काकूंच्या शेजारी येऊन बसला आणि दोघं एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी करत जेवले. भात संपला. पुन्हा मागितला. आईने पातेलंच आणून पायरीवर ठेवलं.

त्यानंतर रोज. दुसऱ्या दिवशी तुळसाकाकू आल्या, मग आणखी एक. प्रत्येकीचं ताट आधी आईपुढे जायचं, ती चाखायची, मग बाई पायरीवर बसायची. यात कोणाला अपमान वाटला नाही. उलट त्यात चढाओढ लागली. मीठ नसताना चव कशाने आणायची, यावर त्या बायकांनी जेवढं डोकं चालवलं तेवढं मुलांच्या लग्नात चालवलं नसेल. एकीने आमसुलं जास्त घातली, एकीने लसूण जाळून घातला, एकीने कच्ची कैरी ठेचून ओल्या खोबऱ्यात कालवली आणि ती दिन्याने बोटं चाटून खाल्ली. मागच्या पडवीतलं आमचं चोरटं जेवण बंद झालं. आम्हीही पुढे येऊन बसलो. बाबा पहिल्या घासाला असं तोंड करायचे की दिन्या हसून लोळायचा. काही दिवसांनी काकूंनी पोह्यांचं पीठ नुसत्या पाण्यात भिजवलं, मीठ नाही, खार नाही, जिरं आणि मिरची तेवढी. त्या लाट्या चिकट झाल्या, लाटताना फाटायच्या, भाजल्यावर पापड फुलायचा नाही, करकरीत पुठ्ठा. दिन्याला तो पुठ्ठा पसंत पडला. आणि मग एका सकाळी आईने स्वतः जाऊन भिंतीला टेकवलेलं मुसळ उचललं आणि मला म्हणाली, काकूंना सांग, परात घेऊन या म्हणावं. पीठ मात्र तेव्हापासून काकूंच्या पडवीत भिजायचं, आणि लाटून झालं की आई दिन्याचे हात, उशी, खिसे सगळं तपासायची. बायका स्वतःहून हात पुढे करून दाखवायच्या.

आईने त्यांची माफी मागितली नाही. त्यांनीही तिची मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धतच नव्हती. करगोट्याखाली दोन बोटं जात होती, ना कमी ना जास्त, आणि त्यातच सगळं आलं असं त्या समजल्या असाव्यात.

वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीकडे मी परवा गेले तेव्हा हात रिकामेच नेले. तिच्या आईला आधी विचारलं की हिला काय चालतं, काय नाही. ती सांगत गेली, मध्येच रडली, परत सांगत गेली. दुसऱ्या दिवशी मी माझं ताट झाकून वर नेलं आणि म्हटलं, आधी तू चाखून बघ. तिला ते विचित्र वाटलं असणार. तरी तिने चाखलं. मुलगी मोबाइलवरून डोळे काढून माझ्या ताटाकडे बघायला लागली. दिनेश आता इथल्याच कंपनीत आहे, निवृत्तीला आलाय, शिफ्ट सुटली की कधीमधी माझ्याकडे येतो. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, ताई, मलाही ने एकदा. मी सांगेन तिला गोष्टी.

त्या वर्षी पाऊस संपून पुन्हा पापडांचे दिवस आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता थोडं मीठ द्यायला हरकत नाही, अगदी चिमूटभर, आणि लक्ष ठेवा. आईने ते घरी कोणाला सांगितलं नाही. दुपारी बायका लाटून उठल्या तेव्हा तिने त्यांना थांबवून घेतलं, दिन्याला पाटावर बसवलं, त्याच्यापुढे गरम भात वाढला, आणि मला गोदाकाकूंच्या कोठीतून आजाच्या गोणीतलं मीठ आणायला पाठवलं. मी वाटीत मीठ आणलं. पावसाचं त्याला पाणी सुटलं होतं, पण खडे शाबूत होते. आईने त्यातला एक खडा बोटांत चुरला आणि वाटी गोदाकाकूंपुढे धरली.

काकू मागे सरल्या. "माझ्या हातून नको गो, वत्सला."

"तुमच्याच हातून," आई म्हणाली. "तुमच्या हातून जाईल तर मला भीती नाय."

 काकूंनी पदराने हात पुसला, पुन्हा पुसला. मग चिमटीत नखभर मीठ घेतलं, भातावर सोडलं, कालवलं आणि पहिला घास दिन्याच्या तोंडात घातला. सगळ्या बायका त्याच्या जिभेकडे बघत होत्या. वर्षभर ज्याच्यासाठी पोर झुरलं होतं ते मीठ. दिन्याने घास चघळला, गिळला, आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे," तो म्हणाला. "मला आपला नेहमीचा भात दे."

आई आधी हसली, मग गोदाकाकू. मग दोघी एकमेकींचे खांदे धरून रडल्या, आणि दिन्या उठून अळणी भाताचं पातेलं ओढून घेऊन जेवायला बसला.